पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात

"नेटवर्क येतं का?"

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी, म्हणजे घरमालकांनी, मला विचारलेला पहिला प्रश्न हा. नाव नाही, गाव नाही, लग्न झालंय का तेही नाही. मी तलासरीच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला नुकतीच लागले होते. राहायला डहाणू बरं पडेल म्हणून कुणीतरी चिकूच्या वाडीतलं हे घर सुचवलं होतं. मी पर्समधून फोन काढला, गॅलरीत गेले आणि म्हणाले, "येतं की. इथे कठड्यापाशी दोन कांड्या दिसतायत."

"मोबाइलचं कोण विचारतंय? तुला येतं का, तुला! दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेनासे झाले तर त्यांना बोलतं करता येतं का?"

"येतं," मी म्हणाले.

"मग वरची खोली तुझी. मागच्या भाडेकरूला येत नव्हतं. इंजिनीअर म्हणवत होता स्वतःला."

अंगात बनियन, कमरेला लुंगी, कानात केसांचे झुबके, आणि चेहऱ्यावर कायमचा असा भाव की आत्ताच कुणीतरी त्यांना फसवून गेलंय. डहाणूत त्यांना लोक भांडकुदळ म्हणायचे, काही जण सरळ वेडा म्हणायचे. माझाही पहिल्या आठवड्यात तोच समज झाला होता. कारण सकाळी सातपासून खालून एकट्या माणसाचं भांडण ऐकू यायचं.

"मीठ टाकलंय मी! दोनदा नाही टाकणार!"

मग शांतता.

"कोथिंबीर कुठून आणू आता? बाजार उघडलाय का?"

पुन्हा शांतता.

"हो, हो, माझी आई असंच करायची. तिचं नाव काढायचं काम नाही!"

समोरून एक शब्द नाही. मी जिन्यात उभी राहून ऐकायची. हा माणूस कोणाशी भांडतोय, ते मला रविवारी कळलं. काकांनी चिकू काढायची बेडणी, म्हणजे टोकाला जाळी असलेली ती लांब काठी, खालून माझ्या गॅलरीच्या कठड्यावर बडवली. बोलवायची त्यांची हीच पद्धत. मी खाली गेले तर पुढच्या खोलीत कॉटवर काकू बसल्या होत्या, मांडीवर लॅपटॉप.

काकू म्हणजे गावच्या बालवाडीच्या बाई. अर्ध्या डहाणूला त्यांनी एक ते शंभर शिकवलेले. घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला खाली एक छिद्र, त्यात नळी, श्वास तिथून. कान शाबूत होते, डोकं काकांच्या दुप्पट चालायचं, फक्त आवाज राहिला नव्हता. गुडघे आधीच गेलेले. त्यामुळे त्या पुढच्या खोलीत आणि काका मागे स्वयंपाकघरात, कारण स्वयंपाक आता काकांकडे आला होता. मधे दोन खोल्या आणि एक अंधारा बोळ.

मुलीने आईला हाक मारता यावी म्हणून सुरतेहून एक घंटी आणून दिली होती. टेबलावर ठेवून वरून दाबायची, दुकानात असते तशी. काकूंनी ती एक दिवस वापरली आणि खिडकीतून वाडीत भिरकावली. नंतर लॅपटॉपवर लिहिलं, "मी घरातली बाई आहे. गिऱ्हाईक नाही."

मग त्या दोघांनी मिळून जे शोधून काढलं ते मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. स्वयंपाकघरात गव्हाच्या डब्यांच्या फळीवर मुलीचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर, वाफ लागू नये म्हणून वर टॉवेल. त्याच्यावर एक फोल्डर, नाव 'घर'. तो फोल्डर घरातल्या वायफायवरून काकूंच्या लॅपटॉपलाही दिसायचा. काकूंना काही सांगायचं झालं की त्या फोल्डरमध्ये एक नवी रिकामी फाइल करायच्या. आत काही लिहायच्या नाहीत. जे सांगायचं ते फाइलचं नाव. स्वयंपाकघरातल्या पडद्यावर फोल्डर उघडाच असायचा. काका कांदा चिरता चिरता मान वर करायचे आणि तिथे उमटलेलं असायचं, 'डाळ उतू जाते आहे वास येतोय'.

उत्तर ते ओरडून द्यायचे. तिला ऐकू येतंच ना.

मी विचारलं, "फोनवर मेसेज का नाही करत? सोपं पडेल."

ही चूक होती. काका पळी घेऊनच माझ्याकडे वळले. "पुढच्या खोलीतला निरोप मागच्या खोलीत यायला आधी अमेरिकेला जाणार, आणि तिथून परत येणार! 'भात करपतोय' हे अमेरिकेला कशाला कळायला पाहिजे? आणि वारा सुटला की इथलं इंटरनेट जातं, वीज चमकली की जातं, रस्ता खणला की जातं. मग हिने काय गप्प बसायचं? घरातली वायर घरात, घरातलं बोलणं घरात."

पुढे मला कळत गेलं की त्यांच्या बहुतेक विक्षिप्त बोलण्याच्या तळाशी असं काहीतरी पक्कं असायचं. पण ते बोलायचे अशा आवाजात, की समोरचा माणूस ते पक्कं शोधायच्या आत निघून जायचा.

त्यांच्या रागाची मोठी ठिकाणं म्हणजे कॉम्प्युटरच्या सूचना. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही हे काकूंनी पहिल्याच दिवशी शोधलं होतं. काकांनी ते अजून माफ केलेलं नाही. "म्हणजे माझ्या बायकोने प्रश्न विचारायचाच नाही? हुकूम चालेल, तक्रार चालेल, प्रश्न नको? हे कोणी ठरवलं? मला त्याचं नाव सांग." काकूंनी त्यावर कधीच वाद घातला नाही. त्या सरळ लिहायच्या, 'चहा झाला का', आणि काका प्रश्नचिन्ह स्वतः घालून वाचायचे. एकाच नावाच्या दोन फाइली चालत नाहीत, म्हणून दुपारी 'चहा पुन्हा' यायचं. पाहुणे आले की 'चहा पुन्हा सगळ्यांना'. संध्याकाळी काका सगळा फोल्डर पुसून टाकायचे. पाटी पुसतात तसं. काकूंचा तसा आग्रहच होता, बालवाडीतली सवय.

दुसरं ठिकाण म्हणजे परवानगी. वर्षातून दोन-तीनदा कुठलासा अपडेट यायचा आणि काकूंच्या पडद्यावर उमटायचं की या फोल्डरमध्ये जायची तुम्हाला परवानगी नाही. तेव्हा बेडणी माझ्या कठड्यावर अशी बडवली जायची की सांधे निखळावेत.

"परवानगी! लग्नाला इतकी वर्षं झाली. वाडी तिच्या नावावर, घर तिच्या नावावर. हिला माझ्या स्वयंपाकघरात यायला परवानगी नाही असं सांगणारा हा कोण?"

मी खाली बसून पासवर्डची अट काढायची, लॅपटॉपने घरचं नेटवर्क परकं समजून दारं लावून घेतलेली असायची ती उघडायची. काका मागे उभे राहून प्रत्येक पायरीला भांडायचे. 'हे नेटवर्क सार्वजनिक आहे का खासगी' असं पडद्यावर आलं की म्हणायचे, "आता हे काय विचारणं झालं? एसटी स्टँड आहे का इथे?"

सगळ्यात लक्षात राहिलेली तपासणी मी तिथे गेल्यानंतर दोन-अडीच वर्षांनी झाली. मोठा अपडेट झाला आणि दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना ओळखेनात. मी आधी एक साधी परीक्षा केली. लॅपटॉपवरून स्वयंपाकघरातल्या कॉम्प्युटरला सिग्नल पाठवायचा आणि तो परत येतो का बघायचं. आला. लगेच आला, पुन्हा पुन्हा आला.

"म्हणजे काय झालं?" काकांनी विचारलं.

"याने त्याला हाक मारली, त्याने ओ दिली. म्हणजे वायफाय ठीक आहे, रस्ता मोकळा आहे."

"हाक मारली, ओ दिली. मग पुढे बोलायला काय होतं?"

"तो कॉम्प्युटर जुना आहे, काका. त्याची फाइली देण्याघेण्याची पद्धत जुनी आहे. त्या पद्धतीतून व्हायरस शिरतात, म्हणून नव्या अपडेटने ती लॅपटॉपवर बंद केली. जुन्या पद्धतीने बोलणाऱ्याशी आता तो बोलत नाही."

काकांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं. मग अत्यंत हळू, म्हणजे त्यांच्या मानाने हळू आवाजात म्हणाले, "समोरचा ओ देतोय. घरातलाच आहे. आणि याची पद्धत जुनी म्हणून याच्याशी बोलायचं नाही? चोर येतात म्हणून म्हाताऱ्यांना बाहेर ठेवायचं?"

मी त्यांना धोका समजावून सांगितला. नवा कॉम्प्युटर घ्या असंही सांगितलं. शेवटी ती जुनी पद्धत लॅपटॉपवर पुन्हा चालू करून दिली. स्वयंपाकघरात पहिली फाइल उमटली. 'एवढं ओरडायला काय झालं होतं'.

"मी ओरडलोच नाही!" काका ओरडले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते, कारण त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मार्चमध्ये परीक्षेच्या कामावर मला झरीला पाठवलं होतं. रोज डहाणूहून चारोटी, चारोटीहून विवळवेढे मागे टाकत तलासरी आणि तिथून पुढे झरी, हे वेळेवर जमणं शक्य नव्हतं. म्हणून मी त्या आठवड्यात तलासरीत एका सहकारी बाईंकडे राहिले. मी नसताना इंटरनेट कंपनीचा माणूस घरी आला. काकांनी बोलावलं नव्हतं. सगळ्या गिऱ्हाइकांचे जुने डबे बदलायचं कंपनीने ठरवलं होतं. त्याने भिंतीवरचा वायफायचा डबा काढला, नवा लावला. लॅपटॉप आणि फोन नव्या डब्याच्या पाहुण्यांसाठीच्या जोडणीवर टाकले, कारण तिला पासवर्ड सोपा होता आणि त्याला पुढच्या घरी जायचं होतं. पाहुण्यांच्या जोडणीचा नियमच असा, की तिच्यावर आलेल्याला बाहेरचं जग दिसतं, घरातला दुसरा कॉम्प्युटर दिसत नाही. स्वयंपाकघरातला कॉम्प्युटर वायरीवर होता. झालं. दोघांच्या मधे भिंत उभी राहिली.

काका त्याला म्हणाले, "हिचं तिकडे पोचत नाहीये."

तो म्हणाला, "नेट चालू छे ने, काका? व्हिडिओ बघा, मस्त चालतोय. मग टेन्शन कशाला घ्यायचं?" आणि जुना डबा पिशवीत टाकून निघून गेला.

काकांनी कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने तक्रार लिहून घेतली. संध्याकाळी फोनवर मेसेज आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, धन्यवाद. काकांनी परत फोन लावला. पुन्हा तेच. मेसेजात कुणी, काय, कसं सोडवलं याचा पत्ता नाही. घरी कुणी फिरकलंही नव्हतं. त्यांनी मलाही फोन लावला होता, पण परीक्षेच्या खोलीत फोन बंद ठेवायचे होते आणि नंतर झरीत रेंज मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वयंपाकघरात मिक्सरवर खोबरं वाटत होते. पुढच्या खोलीत काकूंच्या गळ्यातली नळी कफाने भरून आली. खोकून निघेना. हे असं अधूनमधून व्हायचं. तेव्हा 'नळी' एवढंच उमटायचं आणि काका हातातलं टाकून धावायचे. आतली नळी काढून धुऊन परत बसवायची, त्यांना दवाखान्यात नर्सने शिकवलं होतं आणि ते काम त्यांच्याइतकं नीट मुलीलाही जमत नसे. त्या दिवशीही काकूंनी सवयीने 'नळी' लिहिलं आणि पडद्यावर आलं, जागा सापडत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. टाळ्या वाजवल्या. स्टीलचा तांब्या जमिनीवर आपटला. मिक्सर चालू. कॉटला काठीने बडवलं. मिक्सर चालू.

मग त्या बाईने काय केलं असेल? श्वास अडकलेला, गुडघे नसल्यासारखे. ती कॉटवरून खाली उतरली, भिंत धरत दारापाशी गेली. तिथे विजेच्या मीटरचा बोर्ड आहे. तिने घराचा मेन स्विच खाली ओढला.

मिक्सर थांबला. पंखे थांबले. काका वीज मंडळाला शिव्या घालत बोळातून पुढे आले आणि त्यांना बोर्डाखाली बसलेली, ओठ काळेनिळे पडलेली बायको दिसली.

त्यांनी नळी काढली. तिथेच, जमिनीवर. काकू वाचल्या.

हे मला त्यांनी सांगितलं नाही. मी शनिवारी परत आले तेव्हा काकूंनी सांगितलं. लॅपटॉपवर लिहून, माझ्याकडे वळवून. शेवटी लिहिलं होतं, "यांना सांगू नका की मी घाबरले होते." काका तेव्हा बाहेर पायरीवर बसले होते. मी त्यांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते अजिबात आवडलं नाही. त्या सकाळपासून ते तिच्या खोलीच्या दारातून हलले नव्हते. दोन्ही वेळचं जेवण शेजारचे आणून देत होते.

"काका, मी दहा मिनिटांत हे सरळ करते," मी म्हणाले.

"कर," ते म्हणाले. "पण आधी कंपनीत जायचं."

"अहो, आधी चालू तर करू."

"तू चालू करशील आणि माझा राग जाईल. मला तो तिथे न्यायचाय."

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी साडी बदलायला घेतली होती.

आम्ही तिघं रिक्षाने कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर एक मुलगा होता, आतल्या काचेच्या खोलीत साहेब. काकांनी सगळं सांगितलं, आणि मी कौतुकाने सांगते, की त्यांनी ते न ओरडता सांगितलं. मुलाने कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाला, "सर, तुमची कंप्लेंट क्लोज दाखवतेय."

"ती बंद कोणी केली?"

"सिस्टिमने."

"सिस्टिम माझ्या घरी आली होती?"

"सर, तुमच्या लाइनला स्पीड बरोबर येतोय. नेट चालू आहे ना?"

"इंटरनेट मागितलंय कोणी तुझ्याकडे?" इथे आवाज चढला. "मला माझ्या पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत यायचंय!"

तेवढ्यात साहेब बाहेर आले. त्यांनी काकूंच्या गळ्याकडे पाहिलं, तिथला जाळीदार रुमाल पाहिला आणि वाकून, शब्द तोडून तोडून, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाले, "मावशी! तुम्हाला! काय! त्रास! आहे!" मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "यांना समजतं का?"

माझं डोकं सणकलं. मी काही बोलणार, तर काकूंनी माझा हात दाबला. लॅपटॉप काउंटरवर ठेवला, अक्षरं मोठी केली आणि सगळ्या ऑफिसला वाचता येईल असा फिरवला.

"ऐकू येतं. समजतं. गुरुवारी मी या लॅपटॉपवरून नवऱ्याला हाक मारली. ती पोचली नाही, कारण तुमच्या माणसाने आमच्या घरातलं काहीतरी न विचारता बदललं. मी मरता मरता वाचले. तुम्ही तक्रार बंद केलीत. ती उघडा."

बिल भरायला आलेली दोन माणसं वाचत उभी राहिली. साहेबांनीही वाचलं. आणि मग ते काय म्हणाले असतील? म्हणाले, "मॅडम, घरातल्या घरात फाइल शेअरिंग आमच्या सर्व्हिसमध्ये येत नाही."

येत नाही! न विचारता घरात शिरून जोडणी तोडणं सर्व्हिसमध्ये येतं, आणि ती जोडून देणं येत नाही. मी तेव्हा पुष्कळ बोलले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. काकांनी मला नंतर सांगितलं की चांगलं बोललीस. त्यांच्याकडून मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्रक. तक्रार उघडली गेली. आमच्या देखत उघडली. सोमवारी पुन्हा मेसेज आला की ती सोडवण्यात आली आहे.

पण तोपर्यंत आम्हाला तिची गरज राहिली नव्हती. त्याच शनिवारी दुपारी आम्ही बाजारातून एक छोटा स्विच आणि वायरीचं भेंडोळं आणलं. स्विच म्हणजे वायरी एकत्र जोडायची छोटी पेटी, तिला कंपनी लागत नाही. काका शिडीवर चढले. खाली काकू शिडी धरून बसल्या, खुर्चीत. बोळाच्या तुळईवरून, दोन खोल्या ओलांडून, त्यांनी वायर खिळ्याखिळ्याने नेली आणि प्रत्येक खिळा त्या साहेबाच्या नावाने ठोकला. इंटरनेटचा डबा बाजूला, त्याचा याच्याशी संबंधच ठेवला नाही. मी दोन्ही कॉम्प्युटरना कायमचे पत्ते देऊन टाकले, म्हणजे कुणी बदलू शकणार नाही. त्यासाठी एकाला एक नंबर द्यायचा होता, दुसऱ्याला दोन.

"एक नंबर कोणाचा?" मी विचारलं.

काका तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी एक बोट स्वतःकडे केलं.

"हो, हो, घे," काका शिडीवरून म्हणाले. "कधी माझा होता?"

पुढच्या हिवाळ्यात आमच्याकडे जमिनीचे धक्के बसायला लागले. तलासरीकडे जास्त, डहाणूत कमी, पण भांडी खडखडायची आणि माणसं अंगणात पळायची. गावोगावी लोकांनी बाहेर तंबू टाकले. काकांनी वायर खिडकीतून बाहेर काढून चिकूच्या झाडाखाली नेली, खाली काकूंची खुर्ची ठेवली. लोक हसले. भूकंपात हा माणूस बायकोला कॉम्प्युटर देऊन बसवतोय! पण घराबाहेर बसलेल्या त्या सगळ्या बायकांत, आत स्वयंपाक करणाऱ्या आपल्या माणसाला 'हलतंय बाहेर या' असं सांगू शकणारी बाई ती होती जिला आवाज नव्हता. काका त्या फाइलवर गॅस बंद करून बाहेर यायचे आणि म्हणायचे, "पोळी तव्यावर होती."

त्यानंतर काही महिन्यांनी काकूंचा आजार उलटला. या खेपेला डॉक्टरांकडे करण्यासारखं फार नव्हतं. शेवटचे दिवस मुलगीही येऊन राहिली होती. काकांनी कॉट हलवली नाही, वायर हलवली नाही. जेवण बंद झालं तरी तो फोल्डर उघडाच असायचा आणि त्यात काही ना काही यायचं. मी एकदा स्वयंपाकघरात पाणी घ्यायला गेले तेव्हा पडद्यावर एकच फाइल होती, 'नुसते उभे राहू नका बसा'. काका ओट्याला टेकून उभे होते. ते बसले.

पावसाळ्याआधी त्या गेल्या.

तेराव्याला घर भरलं होतं. काकूंचे नातेवाईक, वाडीवाले शेजारी, बालवाडीत शिकून आता मुलंबाळं झालेले कितीतरी. पाटावर त्यांचा फोटो होता, हार घातलेला. जेवणं झाल्यावर पुढच्या खोलीत माणसं बसली होती आणि बोलणं चाललं होतं तसं चाललं होतं. काकांचे एक चुलतभाऊ होते, पालघरला असायचे, वर्षातून एकदा यायचे. त्यांनी पान जुळवत मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "सुटली बिचारी. किती वर्षं झाली, तोंडातून शब्द नाही. मुक्या माणसाचं जगणं ते."

दोघातिघांनी माना हलवल्या. मीही तिथेच होते. मला वाटलं, कुणीतरी काहीतरी म्हणेल. मुलगी खाली बघत राहिली.

काका आतून पाण्याची कळशी घेऊन येत होते. ती त्यांनी दारातच खाली ठेवली.

"मुकी?" ते म्हणाले.

चुलतभावांनी मान वर केली.

"मुकी कोणाला म्हणतोस? ती सकाळी डोळे उघडल्यापासून बोलायची. मला, लेकीला, देवाला, सगळ्यांना बोलायची. माझ्या डाळीला नावं ठेवायची, माझ्या आईला नावं ठेवायची. तू दर वर्षी इथे येऊन बसायचास, तुझ्या समोर लॅपटॉप फिरवायची, आणि तू चष्मा नाही म्हणून खिडकीबाहेर बघायचास! तिने तुला विचारलं होतं, तुझी बायको कशी आहे. दिलंस उत्तर? ती बोलत होती रे. तुम्ही वाचलं नाहीत!"

"अरे, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"तसंच म्हणायचं होतं. सगळ्यांनाच तसं म्हणायचं असतं." त्यांचा आवाज चिरकला, पण खाली आला नाही. "बिचारी नव्हती ती. माझ्या घरात ती बिचारी नव्हती."

कुणीतरी त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी हात झटकला आणि पायरी उतरून वाडीत निघून गेले. चुलतभाऊ इकडेतिकडे बघत म्हणाले, "डोक्यावर परिणाम झालाय." त्यावर मुलगी पहिल्यांदाच मान वर करून म्हणाली, "काका, पान झालं असेल तर तुमची गाडी निघायची वेळ झाली."

मी मागून वाडीत गेले. काका झाडांच्या ओळीत उभे होते, पाठ घराकडे. माझी चाहूल लागली तरी वळले नाहीत.

"ऐकू गेलं का सगळ्यांना?" त्यांनी विचारलं.

"गेलं. रस्त्यापर्यंत गेलं असेल."

"बरं झालं," काका म्हणाले. लुंगीच्या टोकाने त्यांनी तोंड पुसलं, मग डोळे, मग पुन्हा तोंड. "अजून कोणी राहिलंय का आत? असेल तर त्यालाही सांगून येतो."

आणि ते खरंच परत घराकडे चालू लागले.